एकोणचाळीस अंकांची एक मूळ संख्या



आजच्या भाषणाचा विषय एक संख्या आहे, आणि ती एकच आहे. वाचावयास सोपे जावे म्हणून तिचे अंक तीन-तीनांच्या गटांनी सांगतो : १७० १४१ १८३ ४६० ४६९ २३१ ७३१ ६८७ ३०३ ७१५ ८८४ १०५ ७२७. एकूण अंक एकोणचाळीस. दोन हा आकडा १२७ वेळा मांडून त्यांचा परस्परांशी गुणाकार करावा आणि येणाऱ्या फळातून एक वजा करावा, म्हणजे ही संख्या मिळते. गणिताच्या भाषेत, दोनाचा १२७ वा घात उणे एक.

तिच्या आकाराची कल्पना करून देणे कठीण आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त एकं, दहं, शतं अशी जी स्थानांची नावे दिली आहेत, ती परार्धापाशी संपतात. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. परार्धाला परार्धाने गुणावे आणि त्या गुणाकाराची आणखी सतरा हजार पट करावी, म्हणजे आपण ह्या संख्येच्या शेजारी येऊन पोहोचू.

परंतु तिचे मोठेपण हा तिचा खरा विशेष नव्हे. मोठ्या संख्या कोणीही लिहू शकतो. शून्ये वाढवीत जाण्यास बुद्धी लागत नाही. विशेष हा, की ही संख्या मूळ आहे. म्हणजे एक आणि ती स्वतः, ह्या दोहोंखेरीज दुसऱ्या कोणत्याही संख्येने तिला निःशेष भाग जात नाही. सात, अकरा, तेरा ह्या जशा मूळ संख्या, तशीच ही. पंधरा मूळ नाही, कारण तिची तीन आणि पाच अशी फोड होते. आता सातास कोणी भाजक नाही हे मूलही पाहून सांगेल. पण ह्या एकोणचाळीस अंकी संख्येस कोणी भाजक नाही, हे पाहिले कोणी आणि कसे? ही गोष्ट १८७६ साली, गणकयंत्रे नव्हती त्या काळात, एका फ्रेंच शिक्षकाने हाताने आकडेमोड करून ठरविली. त्याने ती कशी ठरविली एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम हिच्या कुळाविषयी. दोनाचा कोणताही घात घेऊन त्यातून एक वजा केला असता ज्या संख्या येतात, त्यांकडे गणितज्ञांचे लक्ष फार जुन्या काळापासून आहे. ३, ७, ३१, १२७ ह्या त्यांपैकी मूळ संख्या. युक्लिडाने दाखवून ठेविले आहे, की अशी प्रत्येक मूळ संख्या एका परिपूर्ण संख्येला जन्म देते. परिपूर्ण म्हणजे आपल्या सर्व लहान भाजकांच्या बेरजेइतकी. सहाचे भाजक १, २, ३. त्यांची बेरीज सहाच. अठ्ठावीसचे भाजक १, २, ४, ७, १४. त्यांची बेरीज अठ्ठावीस. सहा ही तिनापासून निघाली, अठ्ठावीस ही सातापासून. आपल्या संख्येपासूनही अशीच एक परिपूर्ण संख्या निघते. तिचे अंक सत्याहत्तर आहेत.

ह्या कुळात एक नियम सहज दिसतो. घातांक जर संयुक्त असेल, तर संख्याही संयुक्तच होते. नेहमीच्या आकड्यांत पाहावयाचे तर सहा नवांची संख्या, ९९९९९९, ही ९९ ने आणि ९९९ नेही भागली जाते, कारण सहा नवांचे दोन-दोनांचे वा तीन-तीनांचे सारखे गट पडतात. दोनाच्या घातांतही तेच घडते. म्हणून घातांक मूळ असलाच पाहिजे. पण तेवढ्याने भागत नाही. अकरा ही मूळ संख्या. तरी दोनाचा अकरावा घात उणे एक, म्हणजे २०४७, ही २३ गुणिले ८९ आहे.

सतराव्या शतकात मारँ मर्सेन नावाचा एक फ्रेंच पाद्री होऊन गेला. विद्वानांशी पत्रव्यवहार करून एकाचे ज्ञान दुसऱ्यास पोहोचविणे हा त्याचा व्यासंग होता. १६४४ साली त्याने छापून टाकिले, की २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ एवढेच घातांक मूळ संख्या देतात. ह्या विधानाला आधार काय, हे त्याने सांगितले नाही. त्या काळी १९ च्या पुढे कोणाचीही खात्रीची मजल गेलेली नव्हती. तरी ही यादी अडीचशे वर्षांवर गणितज्ञांना आव्हान देत राहिली, आणि ह्या कुळास मर्सेनचेच नाव पडले. यादीत पाच चुका निघाल्या : ६७ आणि २५७ हे नको ते आत आले होते, आणि ६१, ८९, १०७ हे हवे ते बाहेर राहिले होते. १२७ बरोबर निघाला. पण बरोबर निघालेले अनुमान आणि सिद्ध झालेले विधान ह्यांत अंतर आहे, आणि ते अंतर तोडावयास २३२ वर्षे लागली.

मध्यंतरी १७७२ साली ऑयलरने ३१ ह्या घातांकाचा निकाल लावला. संख्या होती २,१४,७४,८३,६४७. तिचा भाजक शोधावयाचा तर तिच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे सुमारे ४६ हजारांपर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या म्हणजे पुरे; कारण दोन अवयवांपैकी लहान अवयव वर्गमुळापलीकडे जाऊ शकत नाही. शिवाय ह्या कुळात भाजकांवर एक मोठे बंधन आहे. घातांकाच्या दुपटीने भाजकाला भागले असता बाकी एकच उरली पाहिजे. अकराच्या उदाहरणात २३ म्हणजे २२ अधिक १, आणि ८९ म्हणजे ८८ अधिक १, हे आपण पाहतोच. ह्या आणि अशाच आणखी एका बंधनामुळे ऑयलरला शंभराहूनही कमी भागाकार करावे लागले.

हीच रीत १२७ ला लावून पाहू. आपल्या संख्येचे वर्गमूळ वीस अंकी आहे. तेथपर्यंतच्या साऱ्या मूळ संख्यांनी, दर सेकंदास एक भागाकार ह्या वेगाने, भागत बसले तर नऊशे कोटींहून अधिक वर्षे लागतील. ऑयलरची सारी बंधने वापरली तरी जवळजवळ चार कोटी वर्षे उरतात. तात्पर्य, भाजक शोधीत जाण्याचा रस्ता येथे बंद आहे. भाजक न शोधताच तो नाही असे सिद्ध करावयाचे, असा हा पेच आहे.

तो ज्याने सोडविला त्या एदुआर ल्युकाचा जन्म १८४२ साली उत्तर फ्रान्समधील आमियां येथे झाला. काही काळ तो पॅरिसच्या वेधशाळेत होता. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात तोफखान्यात अधिकारी होता. पुढचे आयुष्य त्याने शाळांतून गणित शिकविण्यात घालविले. त्याला खेळांचे फार वेड. तीन खुंट्या आणि लहानमोठ्या चकत्यांचा, 'हानोईचा मनोरा' म्हणून जो खेळ आजही मुलांच्या हाती दिसतो, तो ह्याचाच. १८८३ साली त्याने तो टोपणनावाने बाजारात आणला. त्या खेळाबरोबर एक गोष्टही पसरली. काशीच्या एका देवालयात म्हणे चौसष्ट सुवर्णचकत्या पुजारी अहोरात्र हलवीत असतात, आणि सर्व चकत्या एका खुंटीवरून दुसरीवर गेल्या की जगाचा अंत होणार! काशीत असे देवालय नाही. ते पॅरिसच्या कल्पनेत बांधले गेले. परंतु त्या गोष्टीतील हिशेब खरा आहे. चौसष्ट चकत्या हलविण्यास दोनाचा चौसष्टावा घात उणे एक इतक्या खेळी लागतात. चकत्या १२७ असत्या, तर खेळींची संख्या आपल्या आजच्या संख्येइतकीच भरली असती.

ल्युकाने हाती घेतलेले साधन मात्र आपल्याकडील छंदःशास्त्रज्ञांच्या फार ओळखीचे आहे. लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन. मग अमुक मात्रांची ओळ किती प्रकारांनी रचता येईल? एक, दोन, तीन, पाच, आठ, तेरा अशी उत्तरे येतात, आणि प्रत्येक उत्तर मागील दोहोंची बेरीज असते. हेमचंद्राने बाराव्या शतकात हा नियम सांगितला आहे, आणि त्याच्याही पूर्वी विरहांकाने. युरोपात ही माला १२०२ च्या फिबोनाचीच्या ग्रंथातून आली, आणि तिला त्याचे नाव रूढ केले ते ल्युकानेच. ह्याच मालेची एक बहीण आहे : १, ३, ४, ७, ११, १८, २९, ४७, ७६. येथेही प्रत्येक पद मागील दोहोंची बेरीज. तिच्यातील ३, ७, ४७ ही पदे पाहा. तिनाचा वर्ग नऊ, त्यातून दोन गेले, सात. साताचा वर्ग एकोणपन्नास, त्यातून दोन गेले, सत्तेचाळीस. पुढे सत्तेचाळीसचा वर्ग उणे दोन म्हणजे २२०७, हेही मालेतच पुढे आहे. वर्ग करावा, दोन वजा करावे. एवढ्या एका कृतीने माणूस मालेत दुप्पट-दुप्पट उड्या मारीत जातो.

ल्युकाची कसोटी ह्या उड्यांची आहे. तिनापासून निघावे. दर वेळी वर्ग करून दोन वजा करावे, आणि जी संख्या तपासावयाची तिने भागून बाकी तेवढी ठेवावी. घातांकाहून दोन कमी इतक्या वेळा हे केल्यावर शेवटी बाकी शून्य उरली, तर संख्या मूळ. न उरली, तर संयुक्त.

पेन्सिल हाती असल्यास १२७ हीच लहान संख्या तपासून पाहावी. तिचा घातांक सात, म्हणून पाच वेळा कृती. तीन, मग सात, मग सत्तेचाळीस, मग २२०७, त्याला १२७ ने भागून बाकी ४८, ४८ चा वर्ग उणे दोन २३०२, बाकी १६, सोळाचा वर्ग उणे दोन २५४, आणि ही १२७ ची नेमकी दुप्पट, म्हणून बाकी शून्य. १२७ मूळ ठरली, आणि आपण तिला एकाही संभाव्य भाजकाने भागून पाहिले नाही.

आता २०४७ घ्या. ३, ७, ४७, १६०, १०३४, ६२०, १६०९, १४७१, आणि पुन्हा १६०! येथून पुढे तीच बाकी, तेच चक्र. शून्य कधीच येणार नाही. २३ आणि ८९ ह्यांचे नावही न घेता २०४७ संयुक्त असल्याचे आपल्याला कळले.

ही जादू नव्हे; तिचे कारण सांगता येते. प्रत्येक उडीमागे एक चक्राकार फेरी दडलेली असते. शेवटी शून्य आले, तर त्या फेरीत नेमके दोनाचा १२७ वा घात इतके निरनिराळे टप्पे असले पाहिजेत, एकही कमी नाही, असे दाखविता येते. समजा, आपल्या संख्येला एखादा भाजक आहे. लहान भाजक वर्गमुळाच्या आतला, म्हणून त्याचा वर्ग आपल्या संख्येहून मोठा नाही. त्या भाजकाच्या बाक्यांत ही फेरी मांडू लागलो, तर मांडावयास जागा मिळतात त्या भाजकाच्या वर्गाहून एक कमी. म्हणजे पंगतीला पाहुणे दोनाचा १२७ वा घात इतके, प्रत्येकास स्वतंत्र पान हवे, आणि पाने मात्र त्याहून कमी! असा प्रसंग यजमानावर येऊ शकेल, गणितात येऊ शकत नाही. तेव्हा भाजक आहे हे गृहीतच खोटे.

ल्युकाला १२७ साठी हे वर्गीकरण १२५ वेळा करावयाचे होते. एकोणचाळीस अंकी संख्येचा वर्ग, मग एकोणचाळीस अंकी संख्येने भागाकार, असे १२५ वेळा. चार कोटी वर्षांचे काम एका माणसाच्या आवाक्यात आले ते असे. त्यातही त्याने एक युक्ती योजिली. आपली संख्या दोनाच्या पायावर, म्हणजे केवळ एक आणि शून्य ह्या अंकांनी लिहिली तर ती १२७ एकांची सलग ओळ होते. दशमान पद्धतीत ९९९ ने भागून बाकी काढणे जसे सोपे असते, तसेच हे. १,२३,४५६ ला ९९९ ने भागावयाचे तर १२३ आणि ४५६ मिळवा, बाकी ५७९. भागाकार करावाच लागत नाही. तद्वत येथे १२७ स्थानांच्या डावीकडे जे सांडेल ते उचलून उजवीकडून मिळवावयाचे. ही सारी क्रिया ल्युकाने बुद्धिबळासारख्या, पण प्रत्येक बाजूस १२७ घरे असलेल्या पटावर प्यादी मांडून करावयाचा खेळ म्हणून वर्णिली आहे. घरात प्यादे म्हणजे एक, रिकामे घर म्हणजे शून्य. पुढे विजेवर चालणाऱ्या गणकयंत्रांनी जे केले, त्याचे हे लाकडी रूप म्हणावयास हरकत नाही.

ल्युकाच्या सिद्धतेत काही जागा कच्च्या राहिल्या होत्या. त्या पक्क्या करून, तिनाऐवजी चारापासून आरंभ केला असता ही कसोटी सर्व विषम मूळ घातांकांस लागू पडते, असे १९३० साली अमेरिकेतील डी. एच. लेमरने दाखविले. ल्युका तोवर हयात नव्हता. १८९१ साली एका मेजवानीत हातातून सुटलेल्या बशीचा तुकडा उडून त्याच्या गालास लागला, जखम चिघळली आणि थोड्याच दिवसांत तो वारला. वय एकोणपन्नास.

ह्याच कसोटीने १८७६ साली ल्युकाने आणखी एक निकाल दिला. मर्सेनच्या यादीतील ६७ हा घातांक चुकीचा आहे; ती संख्या संयुक्त आहे. अवयव कोणते, हे मात्र कसोटी सांगत नाही. घरात चोर आहे हे नक्की, पण तो कोणत्या खोलीत ते ठाऊक नाही, अशी अवस्था सत्तावीस वर्षे राहिली. १९०३ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्क येथे अमेरिकन गणित संस्थेच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल नावाचे प्राध्यापक फळ्यापाशी गेले. त्यांनी दोनाचा सदुसष्टावा घात काढून एक वजा केला. उत्तर आले १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. मग फळ्याच्या दुसऱ्या भागावर १९,३७,०७,७२१ ह्या संख्येने ७,६१,८३,८२,५७,२८७ हिला गुणिले. उत्तर तेच. एक शब्दही न बोलता ते जागेवर जाऊन बसले आणि सभेने टाळ्यांचा कडकडाट केला, असे सांगतात. हे अवयव शोधण्यास तीन वर्षांचे रविवार लागले, असे त्यांनी पुढे सांगितल्याची आख्यायिका आहे. गुणाकार काही मिनिटांचा, फोड वर्षांची! १९७७ पासून गुप्त लेखनाची एक प्रसिद्ध पद्धती ह्याच विषमतेवर उभी आहे. आपली संख्या मात्र त्या कामी निरुपयोगी. जी सर्वांस ठाऊक, ती गुप्त कशी राहणार?

१८७६ पासून १९५१ पर्यंत, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, ज्ञात मूळ संख्यांत हीच सर्वांत मोठी होती. १९५१ साली फेरिए ह्या फ्रेंच गणितज्ञाने मेजावरच्या यांत्रिक गणकाच्या साह्याने चव्वेचाळीस अंकी मूळ संख्या सिद्ध केली. त्याच वर्षी केंब्रिजच्या विद्युत्-गणकावर मिलर आणि व्हीलर ह्यांनी एकोणऐंशी अंकी संख्या मिळविली. तीही आपल्या संख्येच्याच पाठीवर चढून, कारण आपल्या संख्येच्या वर्गाला १८० ने गुणून एक मिळविला की ती येते. १९५२ च्या जानेवारीत रॉबिन्सन ह्या गणितज्ञाने लॉस एंजेलिस येथील यंत्राकडून ५२१ व ६०७ हे घातांक एकाच दिवशी सिद्ध करविले. त्यानंतर अंकांचा पूरच लोटला. २०२४ च्या ऑक्टोबरात ल्यूक ड्युरांट ह्यांना सापडलेल्या मर्सेन संख्येचा घातांक १३,६२,७९,८४१ आहे आणि तिचे अंक चार कोटींवर, नेमके सांगावयाचे तर ४,१०,२४,३२० आहेत. ती मूळ आहे ह्याचा शेवटचा निर्वाळा ल्युका आणि लेमर ह्यांच्याच कसोटीने दिला गेला. मला ह्या चार कोटी अंकांपेक्षा ते एकोणचाळीस अंक अधिक मोठे वाटतात. यंत्राविना, केवळ हाताने सिद्ध झालेल्या मूळ संख्यांत ते अद्याप सर्वांत मोठे मानले जातात.

येथे एक शंका कोणी काढील : हीच कसोटी कोणत्याही संख्येस का लावू नये? कारण असे, की आपल्या संख्येची शेजारीण, म्हणजे तिच्यात एक मिळविला असता येणारी संख्या, केवळ दोनांचा गुणाकार आहे. फेरीचे टप्पे आपल्याला मोजता आले ते त्या शेजारणीमुळे. सामान्य संख्येला अशी सरळ शेजारीण लाभत नाही. वाटेल त्या संख्येची मूळता निश्चित आणि बेताच्या पायऱ्यांत ठरविण्याची रीत सापडली ती पुष्कळ पुढे, २००२ साली, आणि ती आपल्या कानपूरच्या तंत्रविद्या संस्थेत. मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना ह्या तिघांकडून.

आता आपल्या संख्येचा एकच गुण सांगावयाचा राहिला. दोन ही मूळ संख्या. दोनाचा दुसरा घात उणे एक, तीन, मूळ. दोनाचा तिसरा घात उणे एक, सात; मूळ. दोनाचा सातवा घात उणे एक, १२७, मूळ. आणि दोनाचा १२७ वा घात उणे एक, ही आपली संख्या, तीही मूळ. प्रत्येक संख्या पुढच्या संख्येचा घातांक होते. ही साखळी कातालां ह्या गणितज्ञाने ल्युकाचा शोध लागला त्याच वर्षी, १८७६ साली, निदर्शनास आणली. पुढची कडी म्हणजे आपली एकोणचाळीस अंकी संख्याच घातांक म्हणून घ्यावयाची आणि दोनाला तितक्या वेळा मांडावयाचे. त्या संख्येचे अंकच इतके होतील, की अंक किती हे लिहिण्यास अडतीस अंक लागतील. ल्युकाच्या कसोटीने ती तपासावयाची तर पायऱ्या आपल्या संख्येइतक्या, आणि प्रत्येक पायरीवर त्या अवाढव्य संख्येचा एक वर्ग. काही लहान भाजक लावून पाहिले गेले आहेत आणि त्यांपैकी एकही लागू पडलेला नाही. ती मूळ आहे की संयुक्त, हे अजून कोणीही सिद्ध केलेले नाही.